सहा प्रश्न, एक आकडा: ओपीडीत ऍसिड रिफ्लक्स ओळखायला गर्डक्यू प्रश्नावली कशी वापरायची

पोटाच्या वरच्या भागाची तक्रार घेऊन आलेला पेशंट बहुतेक वेळा डायग्नोसिस सोबतच घेऊन येतो, "डॉक्टर, ऍसिडिटी झालीय". आता या एका वाक्यात छातीतली जळजळ असू शकते, घशाशी येणारं आंबट पाणी असू शकतं, पोट फुगणं, ढेकर, जेवल्यावरचा जडपणा, आणि कधीतरी चक्क हार्टचं दुखणंही असतं, आणि हे सगळं वेगळं करायला फॅमिली डॉक्टरच्या हातात मिनिटं असतात मोजून पाच-सात. प्रत्येकाची एंडोस्कोपी (दुर्बिणीने आतून तपासणी) करणं शक्य नाही आणि गरजही नाही, शिवाय रिफ्लक्स (जठरातलं ऍसिड वर अन्ननलिकेत येणं) असलेल्या बऱ्याच जणांची एंडोस्कोपी नॉर्मलच येते. म्हणून लक्षणांच्या प्रश्नावल्या निघाल्या. पण फॉर्म भरला, बेरीज केली, ८ आले म्हणजे गर्ड (रिफ्लक्सचा आजार), ७ आले म्हणजे नाही, असं जे सर्रास चालतं ना, त्यासाठी हा लेख. बेरजेचा आकडा एकटा फार काही सांगत नाही, फॉर्म कोणी भरला, कधी भरला, कुठली गोळी चालू असताना भरला आणि त्यातला कुठला प्रश्न आकडा वर-खाली ओढतोय, हे बघितलं तरच तो कामाचा.

कुठली प्रश्नावली घ्यायची

बऱ्याच आहेत. १९९८ ची कार्लसन-डेंट, २००१ ची आरडीक्यू (१२ प्रश्न, लक्षण किती वेळा आणि किती जोरात असं दोन्ही विचारते), जपानमधून २००४ मध्ये आलेली एफएसएसजी (हीसुद्धा १२ प्रश्नांची, एकूण मार्क ४८), आणि २००९ मध्ये आलेली गर्डक्यू, जी फक्त ६ प्रश्नांची आणि १८ मार्कांची आहे. पहिल्या पायरीच्या ओपीडीसाठी माझं मत सरळ गर्डक्यूला, कारण ती छोटी आहे आणि फॅमिली डॉक्टरकडे येणाऱ्या पेशंटवरच तपासली गेलीय. एक सावधगिरी: एफएसएसजीचा कटऑफ (ज्याच्या वर आजार धरतात तो आकडा) पण ८ आणि गर्डक्यूचा पण ८, पण एकात ४८ पैकी आणि दुसऱ्यात १८ पैकी, त्यामुळे नोट्समध्ये नुसतं "स्कोअर ९" लिहिलं तर पुढच्या डॉक्टरला काहीच कळणार नाही.

गर्डक्यू ज्या अभ्यासातून आली तो डायमंड स्टडी. त्यात ३०८ पेशंट होते, सगळ्यांची एंडोस्कोपी आणि ४८ तासांची वायरलेस पीएच टेस्ट (अन्ननलिकेत ऍसिड किती वेळ असतं ते मोजणारी) झाली, आणि २०३ जणांना खरंच गर्ड निघाला. फॅमिली डॉक्टरांचा अंदाज तिथे सेन्सिटिव्हिटी (आजार असलेल्यांपैकी किती पकडले) ६३ टक्के, स्पेसिफिसिटी (आजार नसलेल्यांपैकी किती जणांना बरोबर "नाही" म्हटलं) ६३ टक्के असा होता. गॅस्ट्रोएंटेरोलॉजिस्टचा ६७ आणि ७०. गर्डक्यूचा ८ च्या कटऑफला ६५ आणि ७१. म्हणजे सहा प्रश्नांचा कागद साधारण स्पेशालिस्टच्या हिस्टरीइतकं काम करतो, जे कौतुकाचंच आहे, पण स्पेशालिस्टही नुसत्या हिस्टरीवर तीनातल्या एकाला चुकतोय हेही त्याच आकड्यांत दिसतंय.

पायरी १: फॉर्म हातात द्यायच्या आधी

आधी छातीत "दुखतंय" की "जळतंय" ते बघा. चालताना, जिना चढताना येणारं दुखणं, घाम, दम, जबड्याकडे किंवा हाताकडे जाणारी कळ, यातलं काही असलं किंवा पेशंटला डायबिटीस, बीपी असलं आणि तक्रार नवीन असली तर आधी ईसीजी, फॉर्म नंतर. अँटासिड घेऊन बरं वाटलं म्हणजे हार्टचं नाही, हे डोक्यातून काढून टाका, तसं काही सिद्ध होत नाही.

मग धोक्याची चिन्हं. घास अडकणं, गिळताना दुखणं, कारण नसताना वजन उतरणं, रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शी, ऍनिमिया, थांबत नाहीत अशा उलट्या, पोटात हाताला लागणारी गाठ, घरात कुणाला अन्ननलिकेचा किंवा जठराचा कॅन्सर. आणि वय, आयुष्यात कधी त्रास नव्हता आणि आता पन्नाशी-साठीच्या आसपास पहिल्यांदा सुरू झाला (कुठली गाइडलाइन ५५ धरते, कुठली ६०). यातलं एक जरी "हो" आलं तरी पेशंट एंडोस्कोपीच्या रस्त्याला लागतो. स्कोअर कितीही आला तरी ते बदलत नाही. घास अडकतोय आणि गर्डक्यू ५ आली म्हणून गोळी देऊन घरी पाठवणं हा या प्रश्नावलीचा सगळ्यात धोकादायक वापर, कारण घास अडकण्याबद्दल त्या सहा प्रश्नांत एक अक्षर नाही.

पायरी २: गोळ्यांची चौकशी

पेशंट काय काय घेतोय ते विचारा आणि नुसतं "कुठली औषधं चालू आहेत?" विचारू नका, कारण दुकानातून स्वतः आणलेली गोळी लोकांच्या हिशेबात औषध नसतेच. पीपीआय (ऍसिड कमी करणाऱ्या गोळ्या, ओमेप्राझोल, पँटोप्राझोल, राबेप्राझोल वगैरे) चालू आहे का, अँटासिड किती, पेनकिलर किती. बीपीच्या गोळ्यांपैकी कॅल्शियम चॅनल ब्लॉकर आणि हार्टच्या नायट्रेटमुळे अन्ननलिकेच्या खालचा व्हॉल्व्ह सैल पडतो आणि रिफ्लक्स वाढू शकतो. डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक किंवा हाडांसाठीची अलेन्ड्रोनेट पाण्याशिवाय गिळून लगेच आडवं झालं तर अन्ननलिकेला थेट जखम होते आणि ती जळजळ रिफ्लक्सची नसते.

हे सगळं आत्ताच विचारायचं कारण म्हणजे गर्डक्यू मागच्या फक्त ७ दिवसांबद्दल विचारते. पेशंट त्या सात दिवसांत रोज पीपीआय घेत असेल तर तुम्हाला आजाराचा नाही, उपचाराचा स्कोअर मिळतोय. आणि मागचा आठवडा नेहमीसारखा होता का तेही विचारून घ्या. दोन आठवड्यांपूर्वी रोज जळत होतं पण या आठवड्यात काही नाही असं बरेच जण म्हणतात, अशा वेळी फॉर्म भरून घ्या पण शेजारी तसं लिहून ठेवा.

पायरी ३: फॉर्म भरून घेणं

पेशंटने स्वतः भरायचा, शक्यतो बाहेर बसल्या बसल्या, दोन-तीन मिनिटांचं काम आहे. आपल्या भाषेतली तपासून घेतलेली आवृत्ती मिळवा, घरी बसून स्वतः भाषांतर करू नका, एखादा शब्द इकडचा तिकडे झाला की स्कोअरची मोजपट्टीच बदलते. वाचता येत नसेल तर मदतनीस वाचून दाखवेल पण "रात्री त्रास होतोच ना हो?" असं विचारलं की उत्तर आपणच दिलं.

सहा प्रश्न सोप्या शब्दांत असे, मागच्या ७ दिवसांत किती दिवस:

१. छातीच्या हाडामागे जळजळ
२. पोटातलं पाणी किंवा अन्न घशाशी, तोंडात येणं
३. पोटाच्या वरच्या भागात मधोमध दुखणं
४. मळमळ
५. जळजळीमुळे किंवा घशाशी येण्यामुळे झोपमोड
६. डॉक्टरांनी सांगितल्यापेक्षा जास्तीची गोळी, अँटासिड घ्यावं लागणं

पर्याय चारच: एकही दिवस नाही, १ दिवस, २-३ दिवस, ४ ते ७ दिवस.

इथे दोन ठिकाणी लोक हमखास अडकतात. पहिलं म्हणजे १ आणि ३ यातला फरक. तोंडी विचारण्यापेक्षा "कुठे होतं ते हाताने दाखवा" म्हणा आणि हात बघत राहा. तळहात छातीच्या हाडावरून खालून वर, गळ्याकडे घासत गेला तर तो पहिला प्रश्न. बोट बेंबीच्या वर एका जागी टेकलं आणि तिथेच राहिलं तर तिसरा. बरेच पेशंट "छातीत जळतं" म्हणतात आणि बोट पोटावर ठेवतात, तेव्हा बोटावर विश्वास ठेवायचा. हे फॉर्म भरून झाल्यावर ताडून बघायला अर्धं मिनिट पुरतं आणि माझ्या मते सगळ्या प्रक्रियेतलं हेच सगळ्यात कामाचं अर्धं मिनिट आहे.

दुसरं म्हणजे दिवस मोजणं. प्रश्न किती दिवस असा आहे, किती जोरात असा नाही. एकदाच पण भयंकर जळलं तर पेशंट घाबरून ४-७ वर टिक करतो, आणि रोज थोडं थोडं जळणारा "विशेष काही नाही" म्हणून शून्यावर. म्हणून मागे मागे जायचं, काल होतं का, परवा, त्याच्या आदल्या दिवशी. आठवत नाही म्हणाला तर झोपमोड आठवते का ते विचारा, रात्री उठून बसलेलं माणूस विसरत नाही.

पायरी ४: बेरीज, आणि त्यातली मेख

१, २, ५, ६ या प्रश्नांना सरळ मार्क, ०, १, २, ३. पण ३ आणि ४ ला उलटे, म्हणजे एकही दिवस दुखलं नाही तर ३, एक दिवस दुखलं तर २, दोन-तीन दिवस तर १, आणि रोज दुखत असेल तर ०. कारण वरच्या पोटात दुखणं आणि मळमळ असेल तर गाडी गर्डपेक्षा डिस्पेप्सिया (अपचन, वरच्या पोटाचा त्रास), अल्सर अशा दुसऱ्या कारणांकडे झुकते. गर्दीच्या ओपीडीत हे उलटे मार्क सरळ घातले जातात आणि सगळा स्कोअर फसतो, त्यामुळे फॉर्मवर आकडे आधीच छापून ठेवलेले बरे.

आता मेख. ज्याला काहीच त्रास नाही अशा ठणठणीत माणसाचा स्कोअर किती येईल? शून्य नाही, ६ येईल. दुखणं नाही म्हणून ३, मळमळ नाही म्हणून ३. टॅक्सीचा मीटर जसा बसल्या बसल्याच भाडं दाखवतो तसा हा ६ वरूनच सुरू होतो, आणि कटऑफ ८. म्हणजे मधे फक्त दोन मार्क.

दोन उदाहरणं मांडून बघा. पहिल्या पेशंटला आठवड्यात दोन-तीन दिवस जळजळ, बाकी काहीही नाही. २ + ० + ३ + ३ + ० + ० = ८. पॉझिटिव्ह. दुसऱ्या बाईंना पाच दिवस जळजळ (३), तीन दिवस आंबट पाणी (२), वरच्या पोटात रोज दुखणं (०), दोन दिवस मळमळ (१), एक रात्र झोपमोड (१), जास्तीची गोळी नाही (०). बेरीज ७. निगेटिव्ह! आता या बाईंना "तुम्हाला रिफ्लक्स नाही" असं सांगणार का? रिफ्लक्स आणि डिस्पेप्सिया एकत्र असणारे पेशंट भरपूर असतात आणि ही प्रश्नावली नेमकी त्यांनाच खाली ओढते. गर्भारपणातली मळमळ, मायग्रेनची, मेटफॉर्मिनची मळमळ, तिचेही मार्क असेच कापले जातात, तिचा पोटातल्या ऍसिडशी काही संबंध नसताना.

तिसरा नमुना, जो रोज स्वतःहून दुकानातली पीपीआय घेतो आणि आता एकदम बरा आहे. ० + ० + ३ + ३ + ० + ३ = ९. काही त्रास नाही तरी पॉझिटिव्ह! हा आकडा खरं सांगतोय की खोटं ते त्याने गोळी मुळात कशासाठी सुरू केली यावर आहे, आणि ते फॉर्म विचारत नाही, तुम्ही विचारायचं. म्हणून एकूण बेरीज लिहायच्या आधी सहाही आकडे सुटे लिहा.

पायरी ५: आकड्याचा अर्थ कुठल्या ओपीडीत

मूळ कामात स्कोअरप्रमाणे गर्ड असण्याची शक्यता अशी मांडलीय: ० ते २ असेल तर ० टक्के, ३ ते ७ असेल तर ५० टक्के, ८ ते १० ला ७९ टक्के, ११ ते १८ ला ८९ टक्के. मधला गट नीट वाचा, ३ ते ७ म्हणजे "नाही" नव्हे, निम्मे-निम्मे. निगेटिव्ह आलं म्हणून सुटलो असं समजणाऱ्यांनी ही ओळ फळ्यावर लिहून ठेवावी.

पण हे आकडे ज्या गटातले आहेत तिथे दर १०० मध्ये सुमारे ६६ जणांना खरंच गर्ड होता. तेच सेन्सिटिव्हिटी ६५, स्पेसिफिसिटी ७१ धरून तुम्ही हिशेब करा. ६६ पैकी ४३ पॉझिटिव्ह येतील, २३ निसटतील, उरलेल्या ३४ पैकी १० उगाच पॉझिटिव्ह. म्हणजे पॉझिटिव्ह आलेल्या ५३ मधले ४३ खरे, मस्त. आता समजा तुमच्याकडे पोटाची कुठलीही तक्रार असलेले सगळेच येतात आणि १०० मध्ये ३० जणांनाच गर्ड आहे. खरे पॉझिटिव्ह साधारण २०, खोटेही साधारण २०. तोच फॉर्म, तोच ८ चा कटऑफ, आणि आता पॉझिटिव्ह म्हणजे नाणं उडवणं. उलट निगेटिव्ह आलेल्या ६० मध्ये मात्र ५० जणांना खरंच नाही, म्हणजे इथे "नाही" हे उत्तर जास्त भरवशाचं.

याचा प्रॅक्टिकल अर्थ एवढाच की फॉर्म सरसकट सगळ्यांना वाटू नका. ज्याच्या हिस्टरीत जळजळ किंवा घशाशी येणं आहे आणि तुम्हाला रिफ्लक्सचा संशय आहे त्यालाच द्या. नुसता खोकला, घसा खवखवणं, आवाज बसणं घेऊन आलेल्याला गर्डक्यू देऊन उपयोग नाही, त्याबद्दल तिच्यात प्रश्नच नाहीत. लहान मुलांसाठीही ही नाही.

पायरी ६: मग करायचं काय

८ किंवा वर, धोक्याची चिन्हं नाहीत, हात छातीवरून वर गेला: पीपीआय दिवसातून एकदा, जेवणाआधी ३० ते ६० मिनिटं, ८ आठवडे (काही गाइडलाइन ४ ते ८ म्हणतात). जेवणाआधी हे नुसतं प्रिस्क्रिप्शनवर लिहून चालत नाही, तोंडाने सांगा, कारण पीपीआय जठरातले ऍसिड तयार करणारे, चालू असलेले पंप बंद करते आणि पंप चालू होतात जेवणाने, झोपताना उपाशीपोटी घेतलेली गोळी बरीचशी वाया जाते. झोप आणि जास्तीची गोळी या दोन प्रश्नांचे मार्क मिळून ३ किंवा जास्त असतील तर त्रासाचा रोजच्या जगण्यावर जास्त परिणाम होतोय, अशांना लवकर परत बोलवा. सोबत वजन जास्त असेल तर कमी करणं, झोपायच्या आधी दोन-तीन तास न खाणं, रात्रीचा त्रास असेल तर पलंगाची डोक्याकडची बाजू उचलणं आणि डाव्या कुशीवर झोपणं. नुसत्या उश्या वाढवल्या तर मान वाकते आणि पोट दाबलं जातं, पलंगाच्या पायांखालीच काहीतरी घाला.

३ ते ७: सुटे आकडे बघा. वरच्या त्या बाईंसारखं जळजळ आणि आंबट पाणी भरपूर असेल तर रिफ्लक्स धरूनच चला. जळजळ कमी आणि दुखणं, मळमळ जास्त असेल तर डिस्पेप्सियाच्या वाटेने, आणि तिथे एच. पायलोरीची (जठरात राहणारा जंतू) टेस्ट येते. इथे क्रम महत्त्वाचा, आधी टेस्ट मग पीपीआय. पीपीआय चालू असताना श्वासाची किंवा शीची टेस्ट खोटी निगेटिव्ह येऊ शकते, त्यासाठी पीपीआय २ आठवडे आणि अँटिबायोटिक ४ आठवडे बंद असायला हवी. "गोळी चालू करा, नाही बरं वाटलं तर टेस्ट करू" या सवयीने ही टेस्ट वाया जाते.

० ते २: रोज दुखतंय, रोज मळमळतंय आणि जळजळ नाही, तर दुसरं कारण शोधा, पित्ताशय, अल्सर, औषधं.

आणि गोळीने बरं वाटलं म्हणजे गर्ड पक्का, असं नका धरू. त्याच डायमंड स्टडीत दोन आठवडे एसोमेप्राझोल (एक पीपीआय) ४० मिलिग्रॅम देऊन बघितलं तर गर्ड असलेल्या ६९ टक्के लोकांना बरं वाटलं, आणि गर्ड नसलेल्या ५१ टक्के लोकांनाही. फॉर्म पॉझिटिव्ह आणि गोळीला प्रतिसाद असे दोन्ही मिळाले तरी तो अंदाज बळकट होतो इतकंच, आयुष्यभराच्या गोळीचं ते लायसन्स नाही.

पायरी ७: परत बोलावल्यावर

८ आठवड्यांनी तोच फॉर्म परत. यावेळी बेरीज विसरा, कारण पूर्ण बरा झालेला माणूसही ६ च दाखवणार. १, २, ५, ६ हे चार प्रश्न बघा, चारही ठिकाणी जास्तीत जास्त १ दिवस असेल तर ताबा चांगला आहे. मग गोळी बंद करून बघा, किंवा कमीत कमी डोसवर, किंवा त्रास होईल तेव्हाच. बंद केल्यावर पहिले काही दिवस ऍसिड उसळी मारतं, हे आधी सांगितलं नाही तर पेशंट तिसऱ्या दिवशी "गोळीशिवाय जमतच नाही" म्हणून परत सुरू करतो.

चारपैकी कुठे २ किंवा ३ राहिलं तर आधी गोळी कधी आणि कशी घेतोय ते विचारा, डोस वाढवणं नंतर. ती नीट घेऊनही त्रास तसाच, किंवा बंद केल्यावर पुन्हा सुरू, तर एंडोस्कोपी, आणि जमेल तर पीपीआय २ ते ४ आठवडे थांबवून, नाहीतर आतली सूज भरून आलेली असते आणि रिपोर्ट नॉर्मल येतो. लॉस एंजेलिस ग्रेड (अन्ननलिकेच्या सुजेची ए ते डी अशी प्रतवारी) बी, सी किंवा डी सूज दिसली तर गर्ड सिद्ध झाला. नॉर्मल आली तर पीएच टेस्ट, अन्ननलिका एकूण वेळेच्या ६ टक्क्यांपेक्षा जास्त वेळ ऍसिडमध्ये असेल तर गर्ड, ४ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर नाही, मधलं धूसर आणि तिथे बाकीचा पुरावा लागतो.

रेफर करताना चिठ्ठीत "गर्डक्यू ९" एवढंच लिहून पाठवू नका. सहाही आकडे क्रमाने लिहा, फॉर्म भरल्याची तारीख लिहा, त्या आठवड्यात पीपीआय चालू होती की बंद, कुठली, किती मिलिग्रॅम, जेवणाआधी घेत होता का ते लिहा, आणि पेशंटने हात कुठून कुठे नेला तेही लिहा.